धूर तिथे आग; पण आग तिथे धूर?

एखाद्याचं बोलणं उडवून लावायचं असलं की आपण म्हणतो, “सोडा हो, या सगळ्या जर-तरच्या गोष्टी!” म्हणजे घडलेलं काहीच नाही, नुसत्या बाता. मी कविता लिहिणारा माणूस. शब्दांचा अपमान झाला की मला उगीचच वाईट वाटतं. ‘जर’ आणि ‘तर’ हे दोन शब्द बघा. कायद्याचं कलम, बँकेचा करार, डॉक्टरांची सूचना, लग्नाची बोलणी, आईने मुलाला दिलेली ताकीद, यातलं काहीही या दोन शब्दांवाचून उभं राहत नाही. आणि या शब्दांनी आपण नेमकं काय कबूल करतो, यावर माणसं गेली तेवीसशे वर्षं वाद घालत आली आहेत. त्या वादाची गोष्ट आज सांगायची आहे. गोष्ट तर्कशास्त्राची आहे, पण घाबरू नका. सुरुवात चपलांपासून करतो.

मी सहावीत होतो. अब्बा म्हणाले, “शनिवारी पगार झाला तर तुला चपला आणतो.” पुढे बी.ए.ला तर्कशास्त्र हा विषय घेतला, तेव्हा सरांनी फळ्यावर चार ओळींचा एक तक्ता काढला आणि मला त्या चपला आठवल्या. कारण शनिवारी चारच गोष्टी घडू शकत होत्या. पगार झाला आणि चपला आल्या: अब्बांचा शब्द खरा. पगार झाला आणि चपला आल्या नाहीत: शब्द खोटा. पगार झाला नाही आणि चपलाही आल्या नाहीत: अब्बांना खोटं म्हणता येणार नाही. आणि पगार झाला नाही, तरी चपला आल्या? तेव्हाही शब्द मोडला असं कोण म्हणेल? म्हणजे चारपैकी एकाच ओळीत शब्द मोडतो. ‘जर’ खरं झालं आणि ‘तर’ खोटं निघालं, फक्त तेव्हा.

सरांनी फळ्यावर काढलेला हा हिशेब पहिल्यांदा मांडला तो ग्रीसमध्ये. अथेन्स आणि कॉरिंथ यांच्या मध्ये मेगारा नावाचं गाव आहे. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास त्या गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पंथात डायोडोरस आणि फायलो असे दोन तर्कपंडित होऊन गेले. डायोडोरस गुरू, फायलो शिष्य. डायोडोरसची एक हकीकत जुन्या चरित्रकाराने लिहून ठेवली आहे. इजिप्तचा राजा टॉलेमी याच्या मेजवानीत त्याला स्टिल्पो नावाच्या दुसऱ्या पंडिताने काही तार्किक कोडी घातली. त्याला ती जागच्या जागी सोडवता आली नाहीत. राजाने सगळ्यांदेखत टर उडवली. डायोडोरस घरी गेला, त्या कोड्यांवर एक ग्रंथ लिहिला आणि खंतावून मेला म्हणे. त्याच्या पाच मुली होत्या आणि त्या पाचही जणी तर्कशास्त्रात पारंगत होत्या, अशीही नोंद आहे. असं हे घर.

फायलोचं म्हणणं अगदी आपल्या चपलांच्या हिशेबासारखं होतं. जर-तरचं वाक्य तीन प्रकारे खरं असतं आणि एकाच प्रकारे खोटं. खऱ्यापासून निघून खोट्याशी पोचलं तर खोटं, बाकी सगळं खरं. तो म्हणे, आत्ता दिवस असेल आणि मी बोलत असेन, तर ‘दिवस असेल तर मी बोलतो आहे’ हे वाक्य खरं धरा. गुरूला हे पटेना. डायोडोरस म्हणाला, दिवस आहे आणि तू गप्प बसला आहेस, असंही होऊ शकतं ना? मग तुझं वाक्य आत्तापुरतं निभावलं, एवढंच. जे वाक्य पूर्वी कधी खऱ्याकडून खोट्याकडे जाऊ शकत नव्हतं आणि आजही जाऊ शकत नाही, तेच खरं जर-तर. पुढे क्रिसिपस या स्टोइक पंडिताच्या नावावर तिसरं मत सांगतात: ‘तर’ नाकारलं की ते ‘जर’शी थेट भांडलं पाहिजे, तेव्हाच दोघांत खरं नातं आहे असं म्हणावं.

हा वाद एवढा पेटला, की अलेक्झांड्रियातल्या कॅलिमाकस या कवीने थट्टा केली, आता छपरावरचे कावळेसुद्धा कोणतं जर-तर बरोबर यावर कावकाव करताहेत. कवी सगळीकडचे सारखेच.

थट्टा बाजूला ठेवू. या तिघांचं भांडण दोघांमधला धागा किती घट्ट हवा यावर होतं. एका गोष्टीवर मात्र तिघांचंही एकमत होतं: हा धागा एका दिशेचा आहे. ‘पगार झाला तर चपला’ यातून ‘चपला आल्या, म्हणजे पगार झाला’ असं निघत नाही. चपला उधारीवरही येतात.

आपल्याकडे हाच प्रश्न विचारला गेला, पण दुसऱ्या दारातून. ग्रीकांनी विचारलं, वाक्य केव्हा खरं? आपल्या नैयायिकांनी विचारलं, एक गोष्ट पाहून न दिसलेली दुसरी गोष्ट खात्रीने केव्हा सांगता येते? त्यांचं उदाहरण सर्वांना माहीत आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. का? तर जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात. आणि जिथे अग्नी नाही तिथे धूरही नाही, जसं तळ्यात. या अतूट सोबतीला त्यांनी ‘व्याप्ती’ म्हटलं. पाचव्या-सहाव्या शतकातल्या दिङ्नाग या बौद्ध आचार्याने हेतूला तीन कसोट्या लावल्या: ज्याविषयी बोलतो आहोत तिथे तो असला पाहिजे, तशाच उदाहरणात आढळला पाहिजे, आणि उलट उदाहरणात मुळीच आढळता कामा नये.

आता पुढची पायरी. हेच वाक्य उलटं करून पाहा. डोंगरावर अग्नी आहे, म्हणून धूर आहे. चालेल? नाही, म्हणतात नैयायिक, आणि पुढ्यात ठेवतात लोखंडाचा तापून लाल झालेला गोळा. त्यात अग्नी आहे, धूर कुठे आहे? आजच्या घरात गॅसची निळी ज्योत पाहा, तेच. मग आगीबरोबर धूर येतो तो कशामुळे? सरपण ओलं असतं म्हणून. हे ओलं सरपण म्हणजे ‘उपाधी’, म्हणजे लपून बसलेली अट. ती अट दिसली नाही की माणूस फसतो. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रह’ या छोट्या पुस्तकातून पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी हे शिकले. या पुस्तकाची आठल्ये आणि बोडस या आपल्या दोन मराठी पंडितांनी सिद्ध केलेली आवृत्ती १८९७ साली मुंबईत निघाली आणि ती आजही अभ्यासली जाते.

नैयायिकांनी आणखी एक सावधगिरी सांगितली आहे. लांबून जो धूर वाटतो तो धूळही असू शकतो, वाफही असू शकते. व्याप्ती पक्की असली तरी हेतूच नीट पाहिलेला नसेल तर सगळं अनुमान धुळीला मिळतं. आपण गप्पांत सहज म्हणतो, “विस्तवाशिवाय धूर निघत नाही.” शेजारच्या पोरीबद्दल कुणीतरी काहीतरी बोललं, कार्यालयातल्या कारकुनाबद्दल कुजबुज झाली, की ही म्हण हजर. म्हण खरी आहे. पण समोर आहे तो धूर, की कुणीतरी मुद्दाम उडवलेली धूळ, हे कोण तपासतं?

तिसरी वाट अरबी ग्रंथांतून येते. नवव्या-दहाव्या शतकांत बगदादमध्ये ॲरिस्टॉटलचे ग्रंथ अरबीत आले. त्यानंतर बुखाऱ्याजवळ ९८० साली जन्मलेला इब्न सिना याने ‘शिफा’ या अवाढव्य ग्रंथात जर-तरच्या वाक्यांचा फार बारकाईने विचार केला. त्याने दोन प्रकार वेगळे केले. एकात ‘जर’मुळे ‘तर’ येणं भागच असतं, तो ‘लुजूमी’. दुसऱ्यात दोन्ही गोष्टी आपापल्या जागी खऱ्या असतात, पण एकीमुळे दुसरी आलेली नसते, तो ‘इत्तिफाकी’. पुढच्या काळातल्या पाठ्यपुस्तकांत यांची ठरलेली उदाहरणं आहेत. ‘सूर्य उगवला असेल तर दिवस आहे’ हे लुजूमी. आणि ‘माणूस बोलणारा असेल तर गाढव ओरडणारं आहे’ हे इत्तिफाकी.

हे गाढवाचं उदाहरण मी पहिल्यांदा आमच्या मोहल्ल्यातल्या एका वृद्ध मौलवीसाहेबांकडून ऐकलं आणि खूप हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, “बेटा, आधी गाढव आणि माणूस वेगळे करायला शीक, मग हस.” तेराव्या शतकातल्या अबहरीचं ‘इसागूजी’ हे पुस्तक त्यांनी तरुणपणी पाठ केलेलं होतं. लखनौच्या फिरंगी महल इथल्या मुल्ला निजामुद्दीन यांनी अठराव्या शतकात मदरशांसाठी जो अभ्यासक्रम घालून दिला, त्यात तर्कशास्त्राला मोठं स्थान होतं. बिहारच्या मुहिबुल्ला यांचं ‘सुल्लम’ हे पुस्तकही त्यात शिकवलं जाई. आपण हिंदी सिनेमात ‘लाजमी’ आणि ‘इत्तफाक’ हे शब्द रोज ऐकतो. ते नुसते नायक-नायिकेचे शब्द नाहीत. त्यांच्या मागे हजार वर्षांचा विचार उभा आहे: दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी आली असं समजू नका.

आता आधुनिक काळात येऊ. १८७९ साली गॉटलोब फ्रेगे या जर्मन गणितज्ञाने एक लहानसं पुस्तक प्रसिद्ध केलं आणि गणिताच्या भाषेत जर-तरसाठी एक खूण ठरवली. ती खूण म्हणजे फायलोचाच हिशेब: ‘जर’ खरं आणि ‘तर’ खोटं, एवढी एकच शक्यता वगळायची. बाविसशे वर्षांनी मेगाऱ्याच्या शिष्याची सरशी झाली. आज आपल्या हातातल्या मोबाइलपासून रेल्वेच्या आरक्षणापर्यंत जी संगणकी यंत्रणा चालते, तिच्या पोटात अशाच खऱ्या-खोट्याच्या हिशेबाची चाकं फिरत असतात.

हा हिशेब गणिताला पुरला, तरी सगळ्यांना पटला नाही. त्यात ‘पृथ्वी उडत असेल तर पृथ्वीला पंख आहेत’ हेही खरं ठरतं, कारण पृथ्वी उडतच नाही. हे उदाहरण खुद्द जुन्या ग्रीकांचं. अमेरिकेतल्या सी. आय. लुईस यांनी १९१२ पासून तक्रार केली, की असलं खरेपण आम्हाला नको, ‘जर’ आणि ‘तर’ यांच्यात आणखी घट्ट नातं हवं. म्हणजे डायोडोरसही पुन्हा जिवंत झाला. पण लुईस यांनीही धाग्याची दिशा उलटी करायला परवानगी दिली नाही. ती कुणीच दिलेली नाही.

मग ही चूक करतं कोण? आपण करतो. आणि कधी कधी तिची किंमत फार मोठी असते.

फ्रेगेच्या पुस्तकानंतर पंधरा वर्षांनी, १८९४ साली, पॅरिसमधल्या जर्मन वकिलातीतून एक निनावी चिठ्ठी फ्रेंच गुप्तहेर खात्याच्या हाती लागली. फ्रेंच लष्कराची गुपितं कुणीतरी विकत होतं. संशय आला कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफस या ज्यू अधिकाऱ्यावर. आता त्याच्याविरुद्धचा तर्क पाहा. जर तो हेर असेल तर त्याला जर्मन येत असणार. त्याला उत्तम जर्मन येत होतं. झालं, आरोपपत्रात त्याच्या भाषाज्ञानाची संशयाने नोंद झाली. तो मूळचा आल्सेस प्रांतातल्या मुलुझचा होता, त्या भागातल्या कितीतरी लोकांना जर्मन येत होतं. ते ओलं सरपण कुणी पाहिलं नाही.

पुढचा तर्क याहून भयंकर. पोलीस खात्यातला बर्तियाँ हा तेव्हाचा नावाजलेला तज्ज्ञ. त्याने चिठ्ठीचं अक्षर ड्रेफसच्या अक्षराशी ताडून पाहिलं. जिथे अक्षर जुळलं तिथे तो म्हणाला, हे त्याचंच. आणि जिथे जुळलं नाही तिथे म्हणाला, पकडलं जाऊ नये म्हणून त्याने स्वतःच्याच अक्षराची मुद्दाम बनावट नक्कल केली! म्हणजे जुळलं तरी दोषी, न जुळलं तरी दोषी.

इथे त्या चार ओळींच्या तक्त्याची मोठी किंमत कळते. खऱ्या जर-तरमध्ये निदान एक ओळ अशी असते जिथे ते खोटं पडू शकतं. अब्बांचा शब्द मोडू शकत होता, म्हणूनच त्या शब्दाला वजन होतं. जे वाक्य चारही ओळींत स्वतःला खरंच म्हणवून घेतं, ते आरोपीबद्दल काहीच सांगत नाही. ते फक्त बोलणाऱ्याच्या मनात आधीच काय ठरलं आहे ते सांगतं.

डिसेंबर १८९४ मध्ये ड्रेफसला जन्मठेप झाली. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळच्या डेव्हिल्स आयलंडवर त्याला एकट्याला ठेवलं. चिठ्ठी लिहिणारा खरा माणूस एस्टरहाझी नावाचा दुसराच अधिकारी होता. १८९८ साली कादंबरीकार एमिल झोला यांनी वर्तमानपत्रातून सत्ताधाऱ्यांना जाब विचारला. १९०४ मध्ये न्यायालयाने अक्षराच्या पुराव्याचा प्रश्न आंरी प्वँकारे, दारबू आणि अपेल या तीन थोर गणितज्ञांपुढे ठेवला. त्यांनी बर्तियाँच्या साऱ्या तर्काची पिसं काढली. १९०६ साली ड्रेफस निर्दोष ठरला. बारा वर्षं गेली होती.

हे दूरचं वाटत असेल तर जवळचं सांगतो. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे त्याचा विस्तार होत तो आपल्या भागातही आला. काही गुन्हेगार अमुक जमातीचे निघाले, एवढ्यावरून त्या जमातीत जन्मलेलं प्रत्येक मूल गुन्हेगार, असं उलटं जर-तर थेट कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसलं. पारधी, कैकाडी अशा कितीतरी लोकांच्या मागे हजेरी लागली. सोलापूरला काटेरी तारांच्या कुंपणात वसाहत उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, १९५२ साली, तो कायदा रद्द झाला आणि ही माणसं ‘विमुक्त’ झाली. कायदा कागदावरून गेला. लोकांच्या मनातली उलटी व्याप्ती मात्र अजून पुरती गेलेली नाही. गावात चोरी झाली की पहिला दरवाजा कुणाचा ठोठावला जातो, हे आपल्याला ठाऊक आहे. कुणाची जमात, कुणाची भाषा, कुणाचं आडनाव, कुणाची दाढी. माझ्या नावाच्या माणसाला हे फार समजावून सांगावं लागत नाही.

मग आपण मुळातच तर्कदुष्ट आहोत का? १९६६ साली पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने एक खेळ मांडला. चार पत्ते. एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. वर दिसतात: एक स्वर, एक व्यंजन, चार आणि सात. नियम असा की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम आकडा असतो. नियम पाळला गेला आहे की नाही हे पाहायला कोणते पत्ते उलटावे लागतील? उत्तर: स्वर आणि सात. कारण नियम मोडू शकतो तो तिथेच. पण बहुतेक सुशिक्षित लोकांनी स्वर आणि चार उलटले. म्हणजे पुन्हा तीच चूक, धागा उलटा धरण्याची. दहातल्या एकालाही जेमतेम बरोबर उत्तर देता आलं.

१९८२ मध्ये ग्रिग्ज आणि कॉक्स या अमेरिकी संशोधकांनी तोच खेळ वेगळ्या कपड्यात मांडला. नियम: बिअर पीत असेल तर वय एकोणीसच्या वर हवं. पत्ते: बिअर, कोक, वय बावीस, वय सोळा. आता सुमारे तीन-चतुर्थांश विद्यार्थ्यांनी बरोबर उत्तर दिलं: बिअर पिणारा आणि सोळा वर्षांचा, हे दोघे तपासा. बावीसवाल्याला कशाला छळता?

मला यात आशा दिसते. म्हणजे जर-तरची दिशा आपल्याला कळत नाही असं नाही. रोजच्या ओळखीचा नियम असला की नेमकं कोणाला तपासायचं आणि कोणाला सोडायचं, हे आपल्याला चटकन कळतं. ते कळणं फक्त नको तिथे झोपी जातं. त्याला जागं करायला मोठी विद्या लागत नाही. कुणी म्हणालं, “तो तसलाच असणार, कारण तसले लोक असेच असतात,” तर दोनच प्रश्न विचारायचे. हे वाक्य उलटं तर धरलेलं नाही ना? आणि हे वाक्य खोटं केव्हा ठरेल, ते सांगता का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘कधीच नाही’ असं आलं, तर समजावं की समोर पुरावा नाही, नुसती धूळ आहे.

तो शनिवार सांगायचा राहिला. त्या शनिवारी अब्बांचा पगार झाला नाही. संध्याकाळी ते आले तेव्हा हातात चपला होत्या. ओळखीच्या दुकानदाराने वहीत लिहून दिल्या होत्या. मी आनंदाने ओरडलो, “अब्बा, पगार झाला!” अम्मी चुलीपाशी होती. ती नुसतं एवढंच म्हणाली, “चपला आल्यात रे. पगार झाला असं कुणी सांगितलं?”

तर्कशास्त्राचा तो माझा पहिला धडा. सरांनी फळ्यावर तक्ता काढला तो फार नंतर.